राखणदारापुढची हजेरी

पोलीस ठाणे, ता. जि. रत्नागिरी
दिनांक १८ मे २००४

जबाब देणार : सौ. मनस्विनी मुकुल आठल्ये, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी, रा. नाचणे, ता. जि. रत्नागिरी.

मी विचारल्यावरून, आणि काही ठिकाणी न विचारताही, समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती मुकुल (शिक्षक) आणि मुलगी ओवी यांच्यासह राहते. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला असलेल्या सागरगंधा फळप्रक्रिया कारखान्यात मी उत्पादन पर्यवेक्षक आहे. हंगामात तिथे हापूसचा रस काढून, तापवून डब्यांत भरतात. कारखान्याचे मालक श्री. हरिहर सरपोतदार यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांचे पुतणे श्री. शार्दूल सरपोतदार मुंबईहून शिकून आले असून या हंगामापासून मॅनेजर आहेत. आजची तक्रार त्यांनी फोनवरून दिलेली आहे. तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे ते रावजी गोताड आमच्याकडे बॉयलर चालवतात. ते आत्ता बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. त्यांच्याकडून जप्त केलेला कोयता, एक नारळ आणि वाफेच्या व्हॉल्वचे चाक या टेबलावर माझ्यासमोर आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी नमूद करते. पहिली, मला मधूनमधून हसू येते. ते पोलीस खात्याला हसणे नाही. आज सकाळी आमच्या टाकीतून एक माणूस जिवंत बाहेर निघाला आहे आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. सकाळच्या चहानंतर पोटातही काही नाही. हवालदार श्री. अनिल जगताप म्हणाले की जबाबात हसता येत नाही. मी म्हटले, मग ती जागा मोकळी सोडा.

दुसरी, एक नाव मी सांगणार नाही. टाकीच्या झाकणाला टेकू असलेला दांडा कोणी काढला, एवढे नाव ठाण्याच्या साहेबांना हवे आहे. ते सांगितले तर रावजी आत्ताच्या आत्ता घरी जातील, नाही तर काम बंद पाडणे, जमाव जमवणे आणि हत्यार बाळगणे असे सगळे त्यांच्या अंगाला चिकटेल, असे साहेबांनी मला समजावून सांगितले. मला नाव माहीत आहे. कारखान्यातल्या सगळ्यांनाच माहीत आहे. तरी ते सांगता येणार नाही. का सांगता येणार नाही, हे सांगायलाच मी आले आहे.

हवालदार घाटावरचे असून त्यांची इथे बदली नुकतीच झाली आहे. 'व्हय म्हाराजा' ही कोणत्या युनियनची घोषणा, असे त्यांनी मला विचारले. (येथे जागा मोकळी सोडली आहे.) ही घोषणा नसून ते गाऱ्हाणे आहे. आमच्याकडे नवी होडी पाण्यात घालायची असो की लग्न असो, एक जाणता माणूस नारळ धरून उभा राहतो, देवाला मोठ्याने सगळे सांगतो, मागणे मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. शेवटी नारळ फोडतात. कोयता त्याच कामाचा. आमच्या गेटापाशी आंब्याखाली राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड आहे आणि गाऱ्हाणे घालतात ते रावजी. इतक्या मोठ्याने का ओरडता, असेही हवालदारांनी विचारले. मागे बॉयलर चालू असतो, म्हणून.

पोलीस जीपचे ड्रायव्हर इथलेच आहेत. त्यांनी गाऱ्हाणे लांबूनच ओळखले होते, असे ते मला नंतर म्हणाले. पण त्यांना कोणी विचारले नाही.

आता मूळ मुद्दा. पूर्वी आमच्या कारखान्यात अपघात होत नसत, म्हणजे कागदावर होत नसत. गेटावर मोठा फळा होता, अपघाताविना इतके दिवस, आणि तो आकडा रोज वाढायचा. जो कोणी घसरला, भाजला, आपटला, त्याला निष्काळजीपणाचा मेमो मिळायचा. त्यामुळे पडलेला माणूस आधी इकडेतिकडे बघायचा आणि मग गुडघा चोळायचा. काकांना तो फळा फार आवडायचा. पाहुणे आले की ते आधी फळा दाखवायचे आणि मग आंबे.

मग हौसाचा हात पोळला. हौसा म्हणजे आमच्याकडे आंबे चिरणाऱ्या बायकांची म्होरकी. वाफेचा रबरी पाइप सांध्यातून निसटला आणि तिच्या कोपरापर्यंत वाफ आली. तिला दवाखान्यात पोचवून आल्यावर मी आणि रावजी तो सांधा सोडायला बसलो. त्यावर फडकी गुंडाळलेली होती, एकावर एक. एक सोडावे तर खाली दुसरे. कोणाच्या लुगड्याचा काठ, टाकी घासणाऱ्या लवूचा बनियन, कोणाचा पंचा, आणि सगळ्यात आत ऑफिसच्या पडद्याचा तुकडा. म्हणजे सांधा गळतो हे झाडून सगळ्यांना माहीत होते. ज्याच्या लक्षात आले त्याने आपापले फडके बांधले, कोणाला न सांगता, आणि पुढे गेला. रावजी ती फडकी मांडीवर घेऊन बसून राहिले. मला तेव्हा रडू आले होते, ते आत्ता सांगताना हसू येते. फळ्यावरचा आकडा काकांनी स्वतः पुसला.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी रावजींनी नेहमीचे गाऱ्हाणे घातले. त्यात एक वाक्य पूर्वापार असते, की कोणाचा हात चुकला असेल, पाय चुकला असेल, तर सांभाळून घे म्हाराजा. त्यावर सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायच्या आधी हौसा मधेच बोलली. ती म्हणाली, "माजा पाय चुकला, म्हाराजा. काल सफाईला आलेलं तवा. पल्परच्या तोंडापाशी साल पडली व्हती, त्यावरनं सटाकले. वायच पुढं असते तर ह्यो दुसरा हातबी गेला असता." पल्पर म्हणजे कोय आणि रस वेगळा करणारे यंत्र, त्याच्या आत पाती फिरतात. सगळे काकांकडे बघायला लागले. पण वाक्य संपले होते आणि सवय अंगात होती, त्यामुळे मागून कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हटले आणि सगळ्यांनी उचलून धरले.

काका तिथेच उभे होते. त्यांच्या तोंडावर मेमो आला होता, मला स्पष्ट दिसला. रावजी नारळ तसाच धरून म्हणाले, "काका, तिनं तुमाला नाय सांगल्यान. देवाला सांगल्यान." काका विचारात पडले. देवाला सांगितलेल्यावर मेमो काढला तर पाप कोणाला लागेल, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला असावा. ते म्हणाले, "मनू, त्या पल्परपुढे जाळी बसवून घे." त्या दिवसापासून आमचा कारखाना बोलायला लागला, असे माझे म्हणणे आहे.

मग ते रोजचेच झाले. सकाळी बॉयलर पेटवायच्या आधी गाऱ्हाणे, आणि त्यात आदल्या दिवशी काय होता होता राहिले ते. नियम कोणी बसवले नाहीत, आपोआप बसले. फक्त स्वतःचे सांगायचे, दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही. नारळ फुटेपर्यंत हसायचे नाही. आणि राखणदाराला सांगितलेले गेटाबाहेर न्यायचे नाही, घरीसुद्धा नाही. नारळ फुटला की मात्र जी हसाहस व्हायची, ती पार डबे भरण्याच्या खोलीपर्यंत चालायची. लवू आंब्याच्या पेट्यांवर झोपला आणि पेट्यांसकट खाली आला. माकडाने पत्र्यावरून शिडी ढकलली तेव्हा ते सांगणार कोण, असा पेच पडला, तर माकडाच्या वतीने वॉचमन बोलला. हौसाने आपले घसरणे इतक्या वेळा, आणि दर वेळी थोडे वाढवून सांगितले, की शेवटी रावजी म्हणाले, "हौसे, ता देवाला पाठ झाला. फुडं चल." मी मुकुलना घरी एवढेच सांगायचे की आज फार हसलो. कशाला हसलो ते सांगता यायचे नाही.

हवालदारांनी विचारले, देवाला सांगून काय सुधारते. योग्य प्रश्न आहे. सुधारायचे ते आम्हीच. कारण दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्यात, काल सांगितले त्याचे काय झाले, हेही सांगावे लागते, आणि ते सांगणारी मी. एवढ्या लोकांसमोर 'अजून काही केले नाही, म्हाराजा' म्हणायचे आणि त्यावर सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, हे एकदाच झाले. पुन्हा मी ती वेळ येऊ दिली नाही. सुताराच्या घरी जाऊन बसले, पण काम करून घेतले.

एके दिवशी काका स्वतः नारळापुढे आले आणि म्हणाले, "नवीन वहाणा घालून मी काल आत शिरलो. ओल्या फरशीवरून गेलो तो थेट यंत्राच्या पट्ट्यावर हात टेकला. पट्टा बंद होता म्हणून आज उभा आहे." 'व्हय म्हाराजा' त्या दिवशी हळू आले. त्यानंतर फळा उतरवला आणि काकांनी तो घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावला.

आजच्या घटनेत दोन गोष्टी अशा गाऱ्हाण्यातूनच आलेल्या आहेत. रस तापवायची मोठी टाकी आहे, माणूस आत उभा राहील एवढी. तिच्या भोवतीने वाफ खेळते. वर जड झाकण आहे. ते झाकण एकदा लवूच्या मानेवर येता येता राहिले, म्हणून त्याला सुरूच्या लाकडाचा एक दांडा टेकू म्हणून साखळीने बांधला. झाकण उघडले की दांडा लावायचाच. दुसरी गोष्ट व्हॉल्वची. लवू टाकी घासत असताना कोणीतरी वाफ सोडणार होते, तेही एका सकाळी बाहेर आले. तेव्हापासून वाफ बंद केली की रावजी व्हॉल्वचे चाकच काढून कमरेला लावतात आणि सगळी माणसे डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते परत बसवत नाहीत. साहेबांनी ज्याला कंपनीच्या मालाची लपवाछपवी म्हटले, ते हेच चाक.

शार्दूल वाईट नाहीत. हे मी पुन्हा सांगते, कारण मगाशी सांगितले ते लिहून घेतले गेले नाही. ते आमच्यावर चिडत नाहीत, नीट बोलतात, मला मनस्विनीताई म्हणतात. फक्त गाऱ्हाण्याच्या वेळी ते गाडीत बसून फोन करतात. कारखाना असा चालत नाही, असे त्यांचे मत आहे. या वर्षी परदेशात रस पाठवायचा त्यांनी चंग बांधला आहे. त्यासाठी घेणाऱ्या कंपनीतर्फे श्री. दस्तूर नावाचे तपासनीस आज मुंबईहून आले होते. तपासणी नीट झाली तर काकांपुढे शार्दूलची मान ताठ होणार होती. आठवडाभर त्यांनी धड जेवण केलेले नाही, हे मी पाहिले आहे.

आज सकाळी गाऱ्हाण्यात रावजींनी रीतीप्रमाणे पाहुण्यांचेही नाव घेतले, की मुंबईचे दस्तूर साहेब आमच्या दारी आले आहेत, त्यांचीही राखण कर म्हाराजा. दस्तूर साहेब गोरेपान, भारदस्त गृहस्थ आहेत. त्यांनी टोपी काढून हात जोडले.

अकराच्या सुमारास अचानक भोंगा वाजला आणि पॅकिंगच्या खोलीतून धूर यायला लागला. हे शार्दूलनी कोणाला न सांगता घेतलेले ड्रिल होते. लोक बाहेर पडायला किती वेळ घेतात ते तपासनीसांना दाखवायचे होते. लोकांनी वेळ घेतलाच नाही. बायका हातातले चाकू खाली ठेवून चालत बाहेर आल्या, रावजींनी वाफ बंद केली, चाक कमरेला लावले, नारळ-कोयता घेतला आणि सगळे राखणदारापुढे उभे राहिले. आमची हजेरी तिथेच होते, गाऱ्हाण्याच्या चालीवर. 'हौसेची राखण कर म्हाराजा' असे रावजी म्हणतात आणि हौसा एकटी 'व्हय म्हाराजा' म्हणते. मग लवू. मग मी. अशी सगळ्यांची नावे झाली. शेवटी रावजी म्हणाले, "मुंबयचं दस्तूर सायेब, त्येंची राखण कर म्हाराजा." उत्तर आले नाही. रावजींनी पुन्हा म्हटले. पुन्हा नाही.

शार्दूल हातातले घड्याळ बघत खुशीत होते. ते म्हणाले, "छान झालं. आता आत चला. दस्तूर साहेब मागे फिरत असतील, बाथरूमला गेले असतील. रस तयार आहे, टाकीत सोडा आणि वाफ सुरू करा, नाहीतर आंबेल." रावजी म्हणाले, "मानूस भरल्याबिगर चाक नाय लावनार." शार्दूल म्हणाले, "अहो, हे खोटं ड्रिल आहे. आग नाहीच आहे." रावजी म्हणाले, "आग खोटी आसंल. मानूस खरा हाय ना?" त्यावर शार्दूलनी चाक मागितले. रावजींनी कमरेवर हात ठेवला. मी मध्ये पडले, तर शार्दूल मला म्हणाले, "ताई, तुम्ही तरी." त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. तपासनीस कुठूनतरी हे सगळे बघत असतील, अशी त्यांना भीती वाटत असावी. ते ऑफिसात गेले आणि त्यांनी पोलीस ठाण्याला फोन लावला. काका लांज्याला मुलीकडे गेलेले असल्यामुळे त्यांना विचारता आले नाही.

फोनवर ते काय बोलले ते खिडकीतून ऐकू आले. कामगारांनी वाफ बंद केली आहे, घोळक्याने ओरडत आहेत, एकाच्या हातात कोयता आहे. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. म्हणून मला त्यांचा राग येत नाही, आला होता तो थोडाच वेळ.

तेवढ्यात मी भोंगा बंद करायला लावला. हौसा आणि लवू आत शोधायला गेले. लवूने हाका मारल्या आणि हौसा नुसती उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळाने ती ओरडली, "बाय, टाकी बोलतंय." मोठ्या टाकीतून कोणीतरी टॉर्चने ठोकत होते. झाकण मिटलेले होते आणि त्याचा दांडा जागेवर नव्हता. आम्ही चौघांनी मिळून झाकण उचलले. आधी टॉर्च वर आला, मग हात, आणि मग आतून एक अत्यंत सभ्य आवाज आला, "एक्स्क्यूज मी." रिकामी, निवलेली टाकी बघून आतले जोड नीट आहेत का ते तपासायला ते एकटेच उतरले होते, भोंग्याने दचकून त्यांचा धक्का लागला, आणि वरचे झाकण धाडकन बसले. भोंग्यात त्यांचे ओरडणे कोणाला ऐकू येणार. सकाळच्या रसाने ते कानापर्यंत पिवळे झाले होते.

रावजींनी चाक दिले असते तर काय झाले असते, ते मला बोलायचे नाही.

त्यांना लोकांनी खांद्यावर घेऊन राखणदारापुढे आणले. बायका टाळ्या वाजवत होत्या, लवू उलट्या उड्या मारत होता, मी कोणाच्या तरी गळ्यात पडून हसत होते, ते वॉचमन होते असे नंतर कळले. रावजींनी दटावून सगळ्यांना गप्प केले, कारण हजेरी अर्धी राहिली होती. "मुंबयचं दस्तूर सायेब, त्येंची राखण कर म्हाराजा." दस्तूर साहेबांनी कोकमाचे सरबत बाजूला ठेवले, उभे राहिले आणि म्हणाले, "वय माराजा." मग जो गलका झाला, तो तुमच्या जीपला वळणावरूनच ऐकू गेला असणार.

नारळ फोडायच्या आधी, ज्याला काही सांगायचे आहे त्याने सांगायचे, असा आमचा प्रघात आहे. रावजी कोयता धरून थांबले. मग एक व्यक्ती पुढे आली. पूर्वी कधी न बोललेली. तिने दगडाकडे बघत सांगितले की दांडा मी काढला. एवढेच. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटले, अगदी हळू. त्याच वेळी जीप आत आली, साहेब उतरले, समोर कोयता उगारलेले रावजी, शेजारी एक पिवळा माणूस आणि भोवती घोळका. साहेबांच्या जागी मी असते तर मीही रावजींनाच धरले असते.

जीपमध्ये चढताना रावजींनी मला जवळ बोलावून सांगितले, "बाय, नाव नको घेव. मी बसंन दोन दीस." त्यांच्या घरी म्हातारी आई आहे आणि हे दिवस आंब्याचे आहेत. तरी ते असे म्हणाले. मी आज नाव घेतले, तर रावजी संध्याकाळी घरी जातील, आणि उद्या सकाळी राखणदारापुढे सगळे मुक्याने उभे राहतील. परवा कोणीतरी पुन्हा गळक्या सांध्याला फडके बांधेल. मला त्या फडक्यांची भीती वाटते. म्हणून नाव नाही.

साहेब म्हणाले, ही गंभीर बाब असून देवाचे कारण चालणार नाही. मी म्हटले, मग माझेच नाव घाला. साहेब म्हणाले, तसेही चालणार नाही.

हा जबाब चालू असताना पुढील प्रकार घडला, तो माझ्या सांगण्यावरून यात घेतला आहे. आमचे लोक टेम्पोने मागोमाग आले असून ठाण्याच्या व्हरांड्यात बसले आहेत. त्यांनी बरोबर आंबे आणले होते आणि ते पोलिसांसह सगळ्यांना वाटले. तक्रारदार शार्दूलही आले होते, ते बाहेर खिडकीपाशी खुर्चीवर होते. हौसाने त्यांनाही एक आंबा दिला आणि म्हणाली, "दादानु, खावा. पोटात काय नाय तुमच्या." त्यांनी आंबा घेतला. मग उठून आत आले, माझ्या खुर्चीशेजारी उभे राहिले आणि या टेबलावरच्या जप्त नारळाकडे बघून त्यांनी हात जोडले. आंबा हातातच होता.

ते म्हणाले, "दांडा मी काढला. तपासणीत लाकूड दिसलं तर शेरा पडतो, म्हणून. स्टीलचा मागवलाय, यायचा आहे. तो लवूसाठी बांधलाय हे मला माहीत नव्हतं, मी विचारलंच नाही. आणि रावजींनी माझं ऐकलं असतं तर..." ते एखाद्या शाळकरी मुलासारखे रडले.

व्हरांड्यातून 'व्हय म्हाराजा' आले. ते सगळ्यांचे होते, पण त्यात रावजींचा आवाज मला वेगळा ऐकू आला. माझ्यासमोर लेखणी थांबवून बसलेले हवालदार जगताप यांनीही, घाटावरच्या उच्चारात, 'होय महाराजा' म्हटले.

मी साहेबांना म्हटले, मी नाव घेतलेले नाही, याची नोंद व्हावी. रावजी दारातून म्हणाले, "सोताचा सोता गेटाभायर न्यायला हरकत नाय." शार्दूलनी तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले आणि उद्या सकाळी गाडीत बसून राहणार नाही, असेही सांगितले. ते कोणी विचारले नव्हते.

मग हवालदार जगताप यांनी लेखणी खाली ठेवली. ते नारळाकडे बघत म्हणाले की, ठाण्याच्या जीपचा ब्रेक बरेच दिवस दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही, आज उतारावर तिसऱ्यांदा दाबला तेव्हा लागला, आणि गाडीत रावजी होते. हे माहीत असून आपण साहेबांना सांगितले नाही, कारण मागे ज्याने सांगितले त्यालाच, नीट चालवत नाहीस, म्हणून ऐकून घ्यावे लागले. साहेब दारातच उभे होते. मग ड्रायव्हर 'व्हय म्हाराजा' म्हणाले, आणि मागून सगळे.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर नारळाशेजारी ठेवली. ते म्हणाले, "जगताप, तेही लिहून घ्या." आणि मग शिपायांकडे वळून म्हणाले, "आणखी कोणाचं काही आहे का?"

तिघे शिपाई एकदम बोलायला लागले आहेत. माझा जबाब इथेच पुरा करते, कारण हवालदारांना यापुढे कागद लागणार आहे.

वर लिहिलेले हवालदारांनी मला मोठ्याने वाचून ऐकवले. व्हरांड्यातल्यांनीही ते ऐकले आणि ठिकठिकाणी रुकार दिला, तो लिहिलेला नाही. मी बोलले तसेच ते उतरले आहे.

सही : सौ. म. मु. आठल्ये
समक्ष : अ. जगताप, पोलीस हवालदार